चिकित्सालयीन चाचणी

एखादा उपचार खरोखर गुणकारी आहे किंवा नाही, हे रुग्णांवरच पद्धतशीर तुलनेने पडताळून पाहण्याच्या रीतीस चिकित्सालयीन चाचणी म्हणतात. प्रयोगशाळेतील निरीक्षणे व प्राण्यांवरील प्रयोग यांवरून उपचार सुचतो. त्याने रुग्ण वाचेल किंवा नाही, हे मात्र त्यांवरून ठरविता येत नाही. रुग्ण औषधामुळे बरा झाला की औषधाविनाही झाला असता, हे एकट्यादुकट्या चिकित्सकाच्या अनुभवातूनही उलगडत नाही. म्हणून रुग्णांचे दोन गट पाडून एकास नवा उपचार, तर दुसऱ्यास (नियंत्रण गटास) रूढ उपचार अथवा औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी देतात. कोणता रुग्ण कोणत्या गटात जावा, हे यदृच्छया ठरविले जाते. ही निवड चिकित्सकावर सोपविल्यास त्यातल्या त्यात धडधाकट रुग्णांच्याच वाट्यास नवे औषध जाण्याचा संभव असतो.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने फुप्फुसाच्या क्षयरोगावर घेतलेली स्ट्रेप्टोमायसिनाची चाचणी (१९४८) या पद्धतीचा आदर्श मानली जाते. औषधाचा साठा अत्यल्प असल्यामुळे ते सर्वांस देणे शक्यच नव्हते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ रुग्णांपैकी १४ दगावले.

तर्कशुद्ध वाटणारा उपचार घातक ठरल्याचे ठळक उदाहरण हृद्रोगचिकित्सेत आढळते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयात अवांतर ठोके पडतात, त्यांना आकस्मिक मृत्यूचा धोका अधिक असतो. एन्कायनाइड व फ्लेकायनाइड या औषधांनी असे ठोके कमी होतात. तेव्हा मृत्यूही टळतील, हे अनुमान स्वाभाविक होते. अमेरिकेतील चाचणीत ज्यांचे ठोके या औषधांनी आटोक्यात आले, अशाच रुग्णांची निवड करण्यात आली. तरीही सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ रुग्णांपैकी २६ मरण पावले. १९८९ मध्ये या औषधांची चाचणी थांबवावी लागली. हृदयाच्या विद्युत् आलेखात सुधारणा दिसत असतानाच रुग्ण दगावत होते. नियंत्रण गट नसता, तर हे मृत्यू मूळ रोगाच्याच खाती जमा झाले असते.

रजोनिवृत्तीनंतर हॉर्मोने घेतल्यास हृद्रोग टळतो, हा समजही असाच दृढ होता. ती घेणाऱ्या स्त्रिया बहुधा मुळातच सुस्थितीतील व प्रकृतीस जपणाऱ्या असत, या गोष्टीस पुरेसे महत्त्व दिले गेले नव्हते. १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकन चाचणीत (२००२) ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत हृद्रोग, मस्तिष्काघात व स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण वाढलेले आढळले. अस्थिभंग मात्र घटले. रजोनिवृत्तीच्या त्रासदायक लक्षणांवर निवडक स्त्रियांस ही हॉर्मोने आजही दिली जातात.

कोविड-१९ च्या साथीत ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने (२०२०) डेक्सामेथासोन या स्वस्त व जुन्या स्टेरॉइड औषधाची उपयुक्तता सिद्ध केली. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषधाविना ४१·४ टक्के, तर औषधामुळे २९·३ टक्के होते. ज्यांना ऑक्सिजनाचीही गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ झाला नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनाचा बराच गाजावाजा झाला होता. तेही याच चाचणीत निरुपयोगी ठरले.

बऱ्या झालेल्या रुग्णाचा रक्तद्रव (प्लाझ्मा) आजाऱ्यास देण्याच्या उपचाराची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर घेतली. आजार गंभीर होण्याचे वा मृत्यूचे प्रमाण रक्तद्रव मिळालेल्यांत १९ टक्के व इतरांत १८ टक्के होते. हे निष्कर्ष २०२० मध्येच प्रसिद्ध झाले. तथापि २०२१ च्या दुसऱ्या लाटेतही रक्तद्रव मिळविण्यासाठी रुग्णांच्या आप्तेष्टांची धावाधाव चालूच राहिली. मे २०२१ मध्ये हा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला.