सरकारी खटल्याची पूर्वतयारी : विधी सहायकाचे काम

भारतीय संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदान्वये भारत सरकारला 'भारतीय संघराज्य' या नावाने दावा लावता येतो आणि त्याच नावाने त्याच्यावर दावा लावताही येतो. राज्य सरकारांच्या बाबतीत त्या त्या राज्याचे नाव वापरले जाते. जमिनीचा मोबदला, कंत्राटाची रक्कम, करआकारणी, नोकरीतील ज्येष्ठता अशा असंख्य कारणांनी नागरिक आणि शासन न्यायालयात समोरासमोर येतात, आणि देशातील न्यायालयांत सरकार हाच सर्वांत मोठा पक्षकार आहे, हे न्यायमूर्तींनी व विधी आयोगाने अनेकदा बोलून दाखविले आहे. खटला उभा राहतो तेव्हा सरकारच्या वतीने महान्यायवादी किंवा सरकारी वकील बोलतात. निकालपत्रात त्यांचीच नावे छापली जातात. त्यांच्या हाती असलेला कागद प्रथम कोणी तयार केला, हे मात्र निकालपत्रात नसते. बहुधा तो एखाद्या विधी सहायकाच्या टेबलावर तयार झालेला असतो.

केंद्र सरकारच्या विधी व न्याय मंत्रालयातील विधी कार्य विभागात सहायक (विधी) आणि त्यावर अधीक्षक (विधी) अशी पदे आहेत. त्यांच्या वर १९५७ साली स्थापन झालेल्या भारतीय विधी सेवेतील अधिकारी असतात : सहायक विधी सल्लागार, उपविधी सल्लागार आणि त्यापुढील श्रेणी. रेल्वे, टपाल, भविष्य निर्वाह निधी, करविभाग, महामंडळे यांच्या कार्यालयांतही निरनिराळ्या पदनामांनी हेच काम करणारी माणसे आहेत. पदनाम काहीही असो, सहायक स्वतः सल्ला देत नाही आणि न्यायालयात उभाही राहत नाही. कायद्याची पदवी त्याच्यापाशी असते, पण कार्यालयात त्याने काळा कोट घालावयाचा नसतो. आलेल्या कागदातून तथ्ये वेगळी काढणे, ती तारखांच्या क्रमाने मांडणे, लागू होणारी कलमे व पूर्वीचे निवाडे शोधणे आणि निर्णयासाठी नस्ती वर पाठविणे, हे त्याचे काम.

या कामाचे स्वरूप समजण्यासाठी एक कल्पित प्रकरण घेऊ. समजा, एका लहान कंत्राटदाराने सरकारी गोदामाच्या छपराची दुरुस्ती केली. काम चालू असताना पावसाळा तोंडावर आला. जागेवरील अधिकाऱ्याने मागची भिंतही बांधून घेण्यास तोंडी सांगितले. मूळ कामाचे पैसे मिळाले. भिंतीचे देयक मात्र 'लेखी आदेश नाही' या शेऱ्यासह परत आले. दोन वर्षे खेटे घातल्यानंतर कंत्राटदाराने वकिलामार्फत नोटीस पाठविली.

ही नोटीस दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाखालील होय. सरकारवर दावा लावण्यापूर्वी वादीने आपले नाव, वर्णन व राहण्याचे ठिकाण, दाव्याचे कारण आणि मागणी लेखी कळवावी आणि त्यानंतर दोन महिने थांबावे, असे हे कलम सांगते. त्यामागील हेतू उदार आहे. सरकारने या दोन महिन्यांत मागणी तपासावी आणि ती रास्त असेल तर न्यायालयाची पायरी न चढता ती मान्य करावी. व्यवहारात मात्र हे कलम बराच काळ नागरिकाच्या वाटेतील धोंडा होऊन राहिले. मालेगाव येथे १९२१ साली झालेल्या दंगलीनंतर नुकसानभरपाईसाठी तेथील रहिवाशांवर आकारणी बसविण्यात आली. तिच्याविरुद्धचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. भागचंद दगडूसा प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९२७ साली असा निर्णय झाला, की कलम ८० ला अपवाद नाही. मनाई हुकूम मागणाऱ्यालाही दोन महिने थांबलेच पाहिजे. घर पेटले असतानाही पाण्यासाठी अर्ज करून वाट पाहावी, अशातला हा प्रकार झाला. स्वातंत्र्योत्तर काळात विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली. कलम गेले नाही. पण १९७६ च्या दुरुस्तीने तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीवाचून दावा दाखल करण्याची मुभा मिळाली.

कलमाचा मूळ हेतू फळाला येतो की नाही, हे नोटीस ज्याच्या टेबलावर येते त्याच्यावर पुष्कळ अवलंबून असते. आमच्या कंत्राटदाराची नोटीस आवक नोंदवहीत चढते, संबंधित शाखेकडे जाते आणि तेथून अभिप्राय मागविण्यासाठी गोदामाच्या कार्यालयाकडे रवाना होते. एवढ्यात तीन आठवडे सरलेले असतात. येणारे उत्तर पुष्कळदा एका ओळीचे असते : 'मागणी निराधार आहे, सबब अमान्य करावी.' ही ओळ उतरवून घेऊन वादीला कळविली, तर कोणाचीच तक्रार येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सेलम अधिवक्ता संघाच्या प्रकरणात २००५ साली नेमक्या याच सवयीवर बोट ठेवले. बहुसंख्य नोटिशींना एक तर उत्तरच दिले जात नाही किंवा दिलेले उत्तर संदिग्ध व टाळाटाळीचे असते, असे न्यायालयाने नमूद केले आणि अशा नोटिशींना उत्तर देण्याची जबाबदारी निश्चित अधिकाऱ्यावर सोपवावी, असा आदेश केंद्र व राज्य सरकारांना दिला.

कसलेला सहायक एका ओळीवर थांबत नाही. तो मोजमापवही मागवितो, कामाच्या तपासणीचे शेरे पाहतो, आणि भिंत प्रत्यक्षात उभी आहे काय व खाते ती वापरते काय, हे दोन साधे प्रश्न विचारतो. त्यानंतर तो कायद्याकडे वळतो. संविधानाच्या २९९ व्या अनुच्छेदानुसार केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावे व्यक्त झाला पाहिजे आणि तो अधिकार दिलेल्या व्यक्तीने विहित रीतीने केला पाहिजे. तोंडी सांगितलेली भिंत या कसोटीला उतरत नाही. येथेच टिप्पणी संपवून 'करार नाही, सबब देणे नाही' असे लिहिले, तर ते अर्धसत्य ठरेल. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल आणि पुत्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली असा निर्णय दिला, की करार औपचारिक दृष्ट्या अवैध असला तरी फुकट करण्याचा इरादा नसलेले काम सरकारने स्वीकारले आणि त्याचा लाभ घेतला, तर करार अधिनियमाच्या ७० व्या कलमाखाली त्याचा मोबदला देणे भाग आहे. ज्या टिप्पणीत अनुच्छेद २९९ आहे पण कलम ७० नाही, ती वाचून वरिष्ठ अधिकारी प्रामाणिकपणेच चुकीचा निर्णय घेईल. कंत्राटदाराचे पैसे त्या क्षणी अडतात, आणि पुढील कित्येक वर्षे कोणताही न्यायाधीश त्याकडे पाहणार नसतो.

तारखांचा तक्ता हा या टिप्पणीचा कणा होय. काम केव्हा पुरे झाले, देयक केव्हा सादर झाले, केव्हा परत गेले, नोटीस केव्हा पोचली. केलेल्या कामाच्या किमतीसाठी दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार तीन वर्षांची आहे. नोटिशीचा काळ त्यातून वगळला जातो. मुदत संपण्यापूर्वी खात्याने देणे कबूल करणारे पत्र सहीनिशी पाठविले असेल, तर त्या पत्राच्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणूनच पत्रव्यवहाराच्या बाजूतील प्रत्येक पान उलटून पाहावे लागते. सरकारच्या स्वतःच्या दाव्यांना हाच कायदा सामान्यतः तीस वर्षांची मुदत देतो. १९०८ च्या जुन्या कायद्यात ती साठ वर्षांची होती. सवलतीचे हे अंतर नजरेत भरण्यासारखे आहे, आणि त्यामुळे कार्यालयांना सैलपणाची सवय लागली असल्यास नवल नाही.

अपिलाच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात नव्वद दिवस, अन्य अपील न्यायालयात तीस दिवस. नागरिकाला तेवढेच, सरकारलाही तेवढेच. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागणारा काळ वगळतात, पण नस्ती या खोलीतून त्या खोलीत जाण्यास लागणारा काळ वगळत नाहीत. जम्मू-काश्मीरमधील भूसंपादनाच्या एका प्रकरणात मोबदला कनालमागे १,००० रुपयांवरून ८,००० रुपयांवर गेला होता आणि सरकारचे अपील अवघ्या चार दिवसांच्या उशिरामुळे फेटाळले गेले होते. अनंतनागच्या भूसंपादन जिल्हाधिकाऱ्यांच्या या प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने उशीर माफ केला आणि तांत्रिक कारणापेक्षा गुणदोषांवरील निर्णय श्रेयस्कर मानला. पुढे कित्येक वर्षे विलंबमाफीच्या प्रत्येक अर्जात या निवाड्याचा आधार घेतला गेला. २०१२ साली मात्र टपाल खात्याच्या एका प्रकरणात ४२७ दिवसांचा उशीर पुढे आला. नस्ती निरनिराळ्या टेबलांवर फिरत होती, एवढेच स्पष्टीकरण होते. आधुनिक साधने उपलब्ध असताना दफ्तरदिरंगाईची जुनी सबब चालणार नाही, मुदतीचा कायदा सरकारलाही बांधतो, असे सांगून न्यायालयाने ती माफी नाकारली. तेव्हापासून नस्तीच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत लिहिलेली 'मुदत संपण्याची तारीख' हे शोभेचे कलम राहिलेले नाही.

नोटिशीतून काही निष्पन्न न होता दावा दाखल झालाच, तर लेखी कैफियतीची तयारी सुरू होते. वादपत्रातील प्रत्येक परिच्छेदाला परिच्छेदवार उत्तर हवे असते. घाईत असलेली कार्यालये सरसकट 'नाकबूल' असे लिहून मोकळी होतात. संहितेच्या आठव्या आदेशानुसार मोघम नकार पुरेसा नसतो, आणि जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल केले असे समजता येते. शिवाय कैफियतीवर सत्यापनाची सही तथ्यांची माहिती असलेल्या अधिकाऱ्याला करावी लागते. भिंत उभी असताना 'भिंत बांधल्याचे नाकबूल' या वाक्याखाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याची उलटतपासणी कशी होईल, याची कल्पना सहायकाने मसुदा करतानाच केलेली बरी. सरकारी वकिलाला बाजूचे दुबळेपण आधी कळविणे हेही याच कामात येते. ज्याला ते प्रतिपक्षाच्या वकिलाकडून भर न्यायालयात कळते, त्याची अवस्था केविलवाणी होते.

निकाल विरुद्ध गेल्यावरची टिप्पणी सर्वांत अवघड. अपील करावे की करू नये? अपील केले आणि हरले, तर न्यायालयाने तसा निकाल दिला एवढेच म्हटले जाते. अपील केले नाही, तर ते का केले नाही असा प्रश्न लेखापरीक्षेत किंवा चौकशीत कोणी तरी विचारू शकतो. त्यामुळे हात राखून लिहिण्याची प्रवृत्ती बळावते आणि वीस हजारांच्या देयकासाठी त्याहून अधिक खर्चाची अपिले दाखल होतात. विधी आयोगाने १९८४ चा शंभरावा आणि १९८८ चा एकशे सव्विसावा अहवाल सरकारी खटल्यांच्याच प्रश्नाला वाहिला होता. २०१० साली राष्ट्रीय वाद धोरणाचाही मसुदा झाला. आता खटल्यांची नोंद संगणकावर असते. केंद्र सरकारची 'लिम्ब्स' नावाची व्यवस्था मंत्रालयांतील प्रकरणांच्या तारखा दाखविते. तारीख संगणक दाखवील, परंतु 'निकाल योग्य आहे, अपील करू नये' हे वाक्य सहायकालाच लिहावे लागते. ते लिहिण्यास कारणे द्यावी लागतात, कारणांसाठी नस्ती पुरती वाचावी लागते, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानंतर ती टिप्पणी पुढे त्या कंत्राटदाराच्याही वाचनात येऊ शकते. ज्या कार्यालयांत वरिष्ठ अशी वाक्ये सहायकाच्या अंगाशी येऊ देत नाहीत, तेथेच ती लिहिली जातात.

नोकरीविषयक प्रकरणे केंद्रात १९८५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात. तेथे कलम ८० ची नोटीस लागत नाही आणि अर्जाची मुदत सामान्यतः एक वर्षाची असते. चौकट वेगळी असली तरी टेबलावरील काम तेच.

कंत्राटदाराच्या बाजूने हुकूमनामा झाला आणि अपील न करण्याचे ठरले, असे समजू. संहितेचे ८२ वे कलम सरकारला आणखी एक अवधी देते : हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिने रक्कम अदा झाली नाही, तरच त्याची अंमलबजावणी करता येते. या तीन महिन्यांत निकालाची नक्कल लेखा शाखेकडे गेली पाहिजे, व्याजाचा हिशेब झाला पाहिजे, रकमेला मंजुरी मिळाली पाहिजे. सहायक स्मरणपत्रे पाठवितो, दूरध्वनी करतो, लेखा शाखेने काढलेल्या शंकेला उत्तर देतो. रक्कम अदा झाल्याची पावती पत्रव्यवहाराच्या बाजूला शेवटचे पान म्हणून लागते, टिप्पणीच्या बाजूला 'आता कार्यवाही शिल्लक नाही, नस्ती अभिलेखबद्ध करावी' अशी ओळ पडते, आणि दोरी बांधलेली नस्ती अभिलेख कक्षाकडे जाते.