किल्लीवाचून कुलूप

हार्डवेअरच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळणारे छोटे कुलूप घ्या. त्याच्या किल्लीला बहुधा चार खाचा असतात. समजा, प्रत्येक खाच पाच ठरावीक खोलींपैकी कोणत्याही एका खोलीची असू शकते. मग एकंदर किल्ल्या किती प्रकारच्या होतील? ५ × ५ × ५ × ५, म्हणजे ६२५. किल्ली हरवली तर एवढ्या किल्ल्या लावून पाहाव्या लागतील, असे वाटते. प्रत्यक्षात सराव असलेला माणूस एक पट्टी आणि एक तार घेऊन हे कुलूप मिनिटा-दोन मिनिटांत उघडतो. काही लोक तर हा छंद म्हणून जोपासतात. ६२५ शक्यता गेल्या कुठे?

कुलपाच्या पोटात एक गोल गाभा असतो. किल्ली त्यात शिरते आणि तो फिरला की कडी सुटते. गाभ्याला एका ओळीत चार भोके असतात आणि बाहेरच्या अंगात त्यांच्यासमोर आणखी चार. प्रत्येक भोकात दोन पिना एकापुढे एक बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामागे स्प्रिंग असते. किल्ली नसताना स्प्रिंग बाहेरची पिन अर्धवट गाभ्यात ढकलते. दाराला आडवी आगळ घालावी तसा गाभा तिथे अडतो. योग्य किल्ली घातली की चारही जोड्यांमधले सांधे नेमके गाभ्याच्या कडेशी येतात आणि गाभा फिरतो. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची अशी कुलपे होती. अमेरिकेतल्या धाकट्या लायनस येल यांनी १८६०च्या दशकात तिला आजचे आटोपशीर रूप दिले.

चारही भोके जर गणिती अर्थाने एका रेषेत असतील, तर गाभा वळवू पाहताच चारही पिना एकदम अडतील. मग चारही सांधे एकाच वेळी जुळवण्यावाचून गत्यंतर नाही. पण कोणतेही ड्रिल अशी भोके पाडू शकत नाही. एखादे भोक मिलिमीटरच्या काही शतांशांनी का होईना, पुढे-मागे होतेच. त्यामुळे गाभ्यावर हलकासा पीळ दिला की आधी एकच पिन चिमटीत सापडते. बाकीच्या तीन मोकळ्या असतात. तारेने चाचपले तर मोकळी पिन स्प्रिंगवर नाचते, अडलेली मात्र ताठ लागते. ती हळूच ढकलत नेली की सांधा कडेशी येतो, गाभा केसभर वळतो आणि बारीक ‘टिक्’ होते. आता बाहेरची पिन गाभ्याच्या कडेवर टेकून राहते, परत आत येत नाही. मग दुसरी पिन चिमटीत येते.

पहिली ताठ पिन शोधायला जास्तीत जास्त चार पिना चाचपाव्या लागतील, मग तीन, मग दोन, मग एक. एकूण दहा! गुणाकाराची जागा बेरजेने घेतली.

मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता जिथे मिळतो, त्या हातखंब्याला काही शिक्षकांबरोबर आम्ही हे करून पाहिले. सुरुवात कुलपाने केलीच नाही. दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोन्हींतून जाणारी चार भोके हातानेच पाडली, त्यांत चार खिळे सैलसर सोडले आणि वरची पट्टी रेटून धरली. एकच खिळा घट्ट, तीन ढिले! तो उपसला की दुसरा घट्ट होतो. वर्गात दाखवायला एवढे पुरे आहे. नंतर कुलपे घेतली. पीळ देण्यासाठी मोटारीच्या जुन्या वायपरमधली पोलादी पट्टी काटकोनात वाकवली आणि चाचपण्यासाठी हॅकसॉचे मोडके पाते घासून बारीक केले. जवळपास प्रत्येकाने पट्टीवर गरजेपेक्षा जास्त जोर दिला. तसे केले की सगळ्याच पिना ताठ होतात आणि बोटांना काही कळेनासे होते. एकाने गोठ्याचे, दोन पावसाळे बाहेर काढलेले कुलूप आणले होते. कोकणात कुलपावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधतात, तरी खारी हवा आत पोचतेच. गंजामुळे प्रत्येक पिन कमी-जास्त घासत होती. कोणती खरोखर चिमटीत आहे हे कळेना. प्रयोगशाळेत आम्हाला रोज छळणारा, खुणेला झाकून टाकणारा गोंगाट तो हाच.

मग भोके अधिक अचूक का पाडत नाहीत? पाडतात, पण किंमत वाढते. आणि थोडी सूट ठेवावीच लागते, नाहीतर किल्ली जराशी झिजली की स्वतःचेच कुलूप उघडणार नाही. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉस इथे काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना कुलपांचा नाद होता. तिथल्या तिजोऱ्यांच्या तबकडीवर १०० आकडे होते आणि तीन आकडे जुळवायचे, म्हणजे दहा लाख शक्यता. पण आकडा दोनने चुकला तरी चालतो, हे त्यांनी ताडले. मग दर पाचवा आकडा पाहिला तरी पुरते. २० × २० × २०, फक्त ८,०००.

‘हे मुलांना शिकवायचे? उद्या गावात चोरी झाली तर?’ हातखंब्यालाही हे विचारले गेले. प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब यांचे नावाजलेले कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. जोसेफ ब्रामा यांचे कुलूप १७९० पासून आव्हान म्हणून दुकानात मांडलेले होते. तेही त्याने १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले. लोक हादरले. हॉब्जचे म्हणणे असे की चोरांना ही विद्या आधीपासून येते, अंधारात राहतात ते कुलूप विकत घेणारे. आम्हाला ते पटते. शिवाय आपल्याकडचा चोर तार घेऊन बसत नाही, पहारीने कोयंडाच उचकटतो. तरीही दोन नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. कुलूप स्वतःचे हवे आणि ते कोणत्याही दाराला लावलेले नसावे.

अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. आपल्या घरांतली पुष्कळ कुलपे पिनांची नसून लिव्हरची असतात. त्यांत पिनांऐवजी चपट्या पत्र्या असतात. प्रत्येक पत्री नेमकी तेवढीच उचलली जावी लागते, कमी नाही आणि जास्तही नाही. ही सुधारणा रॉबर्ट बॅरन यांची, १७७८ सालची. तिथेही पत्र्यांमधला बारीक फरकच बोटांना वाट दाखवतो, फक्त किल्लीच्या भोकातून तिथवर पोचणे अवघड असते.

मुलांना द्यायला आणखी एक प्रयोग सुचवतो. एकाच बनावटीची सहा स्वस्त कुलपे आणा आणि प्रत्येक किल्ली बाकीच्या पाच कुलपांना लावून पाहा. ३० वेळा लावायची आहे. एखादे परके कुलूप उघडले, तर दोन्ही किल्ल्या शेजारी ठेवून त्यांच्या खाचांतला फरक व्हर्नियरने मोजा.