सूर्य तापला की हवा बदलली?

पृथ्वी तापते आहे हे शिकवताना वर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, सूर्यच जास्त तापला नसेल कशावरून?" 'शास्त्रज्ञ सांगतात म्हणून' हे त्याचे उत्तर नव्हे. शंका रास्त आहे. ती तपासायला हवी.

दोन्ही कारणांचे परिणाम कुठे वेगळे पडतात ते पाहू. सूर्याची उष्णता वाढली असेल, तर जमिनीलगतचे तपांबर आणि त्यावरचे स्थितांबर, दोन्ही तापायला हवेत. कार्बन डायऑक्साइड मात्र जमिनीकडून येणारे अवरक्त किरण शोषतो, म्हणून तपांबर तापते. स्थितांबरात हाच वायू वाढला की तेथील उष्णता अधिक प्रमाणात अवकाशात जाते आणि तो थर थंड होतो. स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ साली गणिताने हे दाखवले होते.

मोजमाप काय सांगते? १९७९ पासूनच्या उपग्रहनोंदींत तपांबर तापलेले आणि स्थितांबर थंडावलेले दिसते. या थंडाव्यात ओझोनच्या घटीचाही वाटा आहे. पण ती घट थांबल्यावरही वरचे स्थितांबर थंड होतच राहिले. शिवाय १९७८ पासून उपग्रहांनी मोजलेले सूर्यतेज सुमारे ११ वर्षांच्या चक्रात जेमतेम ०.१ टक्का कमीजास्त होते. ते सतत वाढलेले नाही. म्हणजे या तापमानवाढीचे खापर सूर्यावर फोडता येत नाही.

वर्गात या विषयावर चर्चा ठेवाल, तेव्हा मानणाऱ्यांना आणि न मानणाऱ्यांना, दोघांनाही आधी एकच प्रश्न विचारा : कोणती नोंद सापडली, तर तुम्ही आपले मत बदलाल?