पडदा नंतर, सुकाणू आधी

उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. भीमा भरून वाहू लागली की ते पुन्हा बुडतं. धरणाच्या शंभर टक्के आणि शून्य टक्के पातळीत पाच-सहा मीटरचा फरक असतो. त्यातून उजनीच्या एकूण सुमारे ११७ टीएमसी पाण्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, म्हणजे शून्याखालीही पाणी बरंच उतरू शकतं. भिगवण, कळाशी, पळसदेव या पट्ट्यातल्या होडीवाल्यांना हे तोंडपाठ असतं. ऑगस्टमध्ये जिथून सरळ जाता येतं तिथे एप्रिलमध्ये जुनी बांधबंदिस्ती, विहिरीचा काठ नाहीतर बाभळीची खोडं वर आलेली असतात.

मोबाईलमधला जीपीएस या पाण्यावर तुमची जागा काही मीटरच्या फरकाने अचूक सांगेल. होडीखाली किती पाणी आहे, ते मात्र तो सांगणार नाही. बोटीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा विचार मला याच फरकापासून सुरू करावासा वाटतो. आता मुंबई-गोव्याकडे शिडाची बोट बाळगणारी मराठी माणसं आहेत, आपल्या भागातली मुलं नौदलात आणि मर्चंट नेव्हीत आहेत. बोटीवर काय बसवावं हा विषय निघाला की बोलणं पडदा किती इंची घ्यावा यावर येऊन थांबतं. माझ्या मते पडद्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

पडद्यावर विसंबल्याने काय होतं, याचं जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच हिंदी महासागरात घडलं. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री व्होल्वो ओशन रेसमधली ‘वेस्तास विंड’ ही ६५ फुटी शर्यतीची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कारगादोस काराहोस या प्रवाळ खडकांवर पूर्ण वेगात आदळली. बोटीवर कसलेले खलाशी होते आणि उत्तमातली उत्तम यंत्रं होती. इलेक्ट्रॉनिक नकाशात ते खडक होतेही. पण नकाशा लहान करून सगळा महासागर एका पडद्यावर आणला की बारीक तपशील गाळले जातात, आणि त्या पातळीवर खडकांच्या जागी उथळ पाण्याची साधी खूण तेवढी दिसत होती. नकाशा पुरेसा मोठा करून आखलेली वाट कोणी तपासली नाही. माणसं वाचली, बोटीची दुर्दशा झाली. पडदा बारा इंची असता तरी काही फरक पडला नसता. वाट आखून झाली की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठी करून डोळ्यांखालून घालायची असते, आणि ते काम माणसाचंच आहे.

मग आधी काय घ्यायचं? माझ्या यादीत खोली मोजणारा साउंडर पहिला. बोटीच्या तळाला बसवलेला सेन्सर पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतो आणि तळावरून प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, त्यावरून खोली निघते. बहुतेक यंत्रांत ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारता असतात. खोल समुद्राला ५० बरी, उथळ पाण्याला आणि बारीक तपशिलाला २००. उजनीसारख्या ठिकाणी २०० ची पुरेशी होते. सेन्सर मात्र जिथे बुडबुडे येत नाहीत अशा जागी बसला पाहिजे, नाहीतर बोटीने वेग घेतला की आकडे नाचू लागतात. साउंडर फक्त बुडाखालचं सांगतो, पुढ्यात काय आहे ते नाही, हेही धरून चालायचं.

दुसरं यंत्र होकायंत्र. जीपीएस सांगतो तो बोट जमिनीच्या हिशेबाने कुठे सरकते आहे ती दिशा. बोटीचं तोंड कुठे आहे ते होकायंत्र सांगतं. पाण्याची ओढ आडवी असली की या दोन दिशांत चांगलाच फरक पडतो, आणि ऑटोपायलटला तोंडाची दिशा लागते. आजचे होकायंत्र-सेन्सर बोट कोणत्या बाजूला किती झपाट्याने वळते आहे तेही मोजतात. मागून मोठी लाट येत असताना याचा खरा उपयोग होतो. पण असा महागडा सेन्सर बसवल्यावर कोणी त्याच्या शेजारच्या कप्प्यात पत्र्याच्या डब्यांतलं खाणं रचलं, किंवा भिंतीपलीकडे स्पीकर लावला, की सेन्सर वेगळीच उत्तर दिशा दाखवू लागतो. म्हणून सामान जागच्या जागी लावून झाल्यावर शांत पाण्यात बोट सावकाश गोल फिरवून त्याचं कॅलिब्रेशन करतात, आणि नंतर त्या कप्प्यात काय ठेवायचं नाही हे सगळ्यांना सांगून ठेवतात.

आता ऑटोपायलट. एकट्या-दुकट्याने बोट चालवणाऱ्याला माझ्या मते याच्याइतकं मोलाचं दुसरं यंत्र नाही. या बाबतीत आपल्याला दूर पाहायलाही नको. जगाला एकट्याने, कुठेही न थांबता पहिली प्रदक्षिणा घातली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहेली’ने, १९६८-६९ मध्ये. ही बोट मुंबईत सागवानात बांधलेली. तिच्यावर वाऱ्याच्या दिशेवर चालणारं आपोआप सुकाणूचं यंत्र होतं. ऑस्ट्रेलियापर्यंत जाईतो ते मोडून निकामी झालं. उरलेला प्रवास त्यांनी शिडांचा तोल असा साधून केला की बोट बराच वेळ आपली आपण सरळ जायची. पुढे याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे शिकायला गेले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेल्या ५६ फुटी ‘म्हादेई’तून दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, आणि मे २०१० मध्ये चार बंदरांत थांबून जगप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. एकट्याने असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने, न थांबता प्रदक्षिणा घातली.

ऑटोपायलटमध्ये चार भाग असतात. दिशा सांगणारा सेन्सर, हिशेब करणारा छोटा संगणक, सुकाणू हलवणारी मोटर किंवा हायड्रॉलिक दांडा, आणि सुकाणू किती वळलं ते परत कळवणारा सेन्सर. लोक संगणकाच्या गुणांची चर्चा करतात. बिघडते बहुधा मोटर, कारण ती कमी ताकदीची घेतलेली असते. कॅटलॉगमध्ये बोटीच्या वजनाप्रमाणे मोटर दिलेली असते, पण ते वजन रिकाम्या बोटीचं. पाणी, डिझेल, नांगर-साखळी, महिनाभराचा शिधा चढला की त्यात वीस टक्के सहज वाढतात. हिशेब भरलेल्या बोटीचा धरावा आणि दोन मोटरींत मन अडलं तर मोठी घ्यावी. शक्य असेल तर ही मोटर चाकाला न जोडता खाली थेट सुकाणूच्या दांड्याला स्वतंत्र हाताने जोडावी. चाकाची केबल तुटली तरी मग बोट वळवता येते.

हा धोका पुस्तकी नाही. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ ही शिडाची बोट सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून जगप्रदक्षिणेला निघाली. केपटाऊनहून परतताना, घर जवळ आलं असताना, तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. ठरलेल्या बंदरांत नसलेल्या मॉरिशसच्या पोर्ट लुईत तिला एप्रिल २०१८ मध्ये जावं लागलं. दुरुस्ती करून मे महिन्यात ती गोव्यात पोचली. नंतर २०२४-२५ मध्ये याच ‘तारिणी’तून दिल्ना के. आणि रूपा ए. या दोघींनीच प्रदक्षिणा केली. दोन माणसांत आठ महिने पहारा वाटून घ्यायचा, तर यंत्राने सुकाणू धरल्याशिवाय ते होणार कसं?

वाऱ्यावर चालणारं सुकाणूचं यंत्र आजही कालबाह्य झालेलं नाही. वाऱ्यात धरलेलं एक पातं आणि पाण्यात सोडलेलं दुसरं, एवढ्यावर ते चालतं, वीज अजिबात खात नाही. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलट आणि जीपीएसने वाट काढणं या दोन्हींना बंदी आहे. २०२२-२३ च्या शर्यतीत टॉमी दुसरे आले, तेव्हा त्यांच्या या यंत्राची पाती मोडली आणि त्यांनी बोटीतलंच लाकूड कापून नवी केली. इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटचं सर्किट भर समुद्रात असं करवतीने घडवता येत नाही. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याने दोन्ही ठेवावीत.

जुन्या बोटीवर नवी यंत्रं चढवताना बहुतेकांची दमछाक होते ती वायरींत. यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या १९८३ च्या एनएमईए ०१८३ पद्धतीत एका तारेवर एकच यंत्र बोलतं, बाकीची ऐकतात. नव्या एनएमईए २००० पद्धतीत एकाच केबलवर सगळी यंत्रं बोलू शकतात. बारामतीकडच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. ठिबकची मेन लाईन टाकायची, तिला लॅटरल काढायच्या आणि टोकाला एंड कॅप लावायची. इथेही मुख्य केबल, तिच्या आखूड फांद्या आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर असतात. ते विसरले, की पडद्यावर वाऱ्याचा आकडा मधूनच गायब होतो आणि माणूस वाऱ्याचं यंत्र बदलत बसतो. जुना साउंडर चांगला चालत असेल तर तो फेकू नये, दोन पद्धतींच्या मधला गेटवे मिळतो. फक्त सगळं एकदम बदलू नये. एक यंत्र बदलावं, महिनाभर वापरावं, मग दुसऱ्याला हात घालावा.

आणि वीज. ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर खातो असं धरलं तर दिवसाला ९६ अँपिअर-तास होतात. नकाशाचा पडदा दीड अँपिअरने ३६, रेडिओ, दिवे आणि बाकीची यंत्रं मिळून २४. बेरीज १५६. साध्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, म्हणजे एका दिवसाला तीनशेच्या वरची बॅटरी हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर दोनशेत भागतं. शंभर वॅटचं सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण तीस अँपिअर-तास भरतं, त्यामुळे पाच-सहा पॅनेलांखेरीज हा हिशेब जुळत नाही. शिडांचा तोल नीट असेल तर मोटर कमी धडपडते आणि हाच आकडा बराच खाली येतो. तारही जाड घ्यावी. वाऱ्याचा जोराचा झोत आला की मोटर सगळ्यात जास्त विद्युतप्रवाह ओढते, बारीक तारेत व्होल्टेज पडतं, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेमका त्या क्षणी ऑटोपायलट सुकाणू सोडून देतो. कित्येकदा दोष यंत्राचा नसतो, तारेचा असतो.

कोकण किनाऱ्याने जाणाऱ्याने पुढचा खर्च एआयएसवर करावा. या यंत्रणेने मोठी जहाजं आपलं नाव, वेग आणि दिशा व्हीएचएफवर सतत सांगत असतात. लहान बोटीचं २ वॅटचं यंत्रही आपली हजेरी लावतं. मात्र मासेमारीच्या कित्येक होड्या त्यात दिसत नाहीत, तेव्हा डोळे उघडे हवेतच. इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याची योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून सुरू झाली, पण त्यांचे संदेश उपग्रहावरून जातात, त्यामुळे त्या नौका एआयएसवर दिसतीलच असं धरू नये. परदेशातल्या नातेवाइकाकडून सॅटेलाईट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मात्र मागवू नये. परवानगीवाचून ते जवळ बाळगणं भारतात गुन्हा आहे. जीपीएसवरचा भरवसाही डोळस हवा. मे २०२५ मध्ये जेद्दाहजवळ ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज रुतलं, तेव्हा जीपीएसचे संकेत कोणीतरी बिघडवल्याचा संशय होता. कागदी नकाशा आणि हातातलं होकायंत्र म्हणूनच बोटीवर लागतं.

उजनीवर यातलं किती लागेल? थोडंच, पण ते नसेल तर जिवावर बेततं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी बोट अचानक सुटलेल्या वादळात उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला, सहा जण गेले. तिथे ऑटोपायलटने किंवा नकाशाच्या पडद्याने काहीही झालं नसतं. वादळाची चाहूल वेळेत लागणं आणि प्रत्येकाच्या अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट, एवढंच कामाला आलं असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. विजांचे ढग आणि असे वारे बहुतेक एकत्रच येतात, म्हणून मे-जूनमध्ये दुपारनंतर बोट सोडण्याआधी ते पाहायला हवं आणि ढग दिसले तर फेरी रद्द करायला हवी. त्याच्या जोडीला एक साधा साउंडर, कोरड्या पिशवीत भरलेला मोबाईल आणि माणसं मोजून जॅकेटं. मग पैसे उरले तर बाकीचं.

शिडाच्या बोटीवर नवी यंत्रं बसवून झाली की बंदराबाहेर शांत पाण्यात, भर दुपारी, मुख्य स्विच बंद करून पाहावं. सगळे पडदे काळे होतील. मग आणीबाणीचा टिलर, म्हणजे सुकाणू हाताने वळवायची काठी, काढून सुकाणूच्या दांड्यावर चढवावा आणि त्यावर बोट तासभर चालवावी. तो टिलर कप्प्यात सापडत नाही, गंजल्यामुळे बसत नाही किंवा चाकाच्या खांबाला अडतो, हे त्याच दिवशी कळतं, आणि ते कळल्यावर पुढची खरेदी कशाची करायची हे आपोआप ठरतं.