एक्सप्लेनर : जुन्या विमानात एसी नाही, मग खिडकी उघडायची का? समजून घ्या

वाशिमच्या उन्हात दुपारभर उभी असलेली कार उघडली की आपण आधी काचा खाली करतो. जुन्या छोट्या विमानात मात्र हे काम इतकं सोपं नाही.

१९३२ चं उदाहरण
१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विमान होतं 'पस मॉथ'. एक इंजिन, बंद केबिन, एसी नाही. प्रवास उकाड्याचा आणि धक्क्यांचा झाला. वाटेत केबिनमध्ये चक्क एक पक्षी शिरला होता!

सर्वात जास्त उकाडा कधी?
विमान जमिनीवर असताना. वर गेल्यावर दर १,००० फुटांमागे तापमान साधारण २ अंशांनी उतरतं. म्हणून अनेक जुन्या विमानांत धावपट्टीकडे जाताना खिडकी उघडी ठेवतात आणि उड्डाणाआधी लावून घेतात.

खिडकी उघडली की काय होतं?
वेगाने जाणाऱ्या हवेमुळे खिडकीबाहेर दाब कमी होतो. त्यामुळे बाजूची खिडकी अनेकदा हवा आत आणण्याऐवजी आतली हवा बाहेर ओढते. मग तिची जागा घ्यायला इंजिनाकडच्या फटींतून हवा आत येते. सायलेन्सर गळका असेल तर तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो. याला ना रंग, ना वास. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते. समोरून वारा घेणारी झडप मात्र ताजी हवा आत ढकलते, म्हणून ती जास्त भरवशाची.

पायलट काय काळजी घेतात?
• उड्डाणाआधी दार-खिडकीच्या कड्या हाताने ओढून बघतात.
• विमानाच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगाच्या आतच खिडकी उघडतात.
• हवेत दार उघडलं तर त्याच्याशी झटापट करत नाहीत. आधी विमान सांभाळतात, उतरल्यावर दार लावतात.
• डोकं जड झालं तर हीटर बंद करतात, ताज्या हवेच्या झडपा पूर्ण उघडतात आणि लवकरात लवकर उतरतात.

आपल्यासाठी काय?
हा वायू कारमध्येही तितकाच घातक आहे. बंद शेडमध्ये इंजिन आणि एसी सुरू ठेवून कारमध्ये झोपू नका. गार हवा येतेय म्हणजे ती शुद्ध आहे, असं नाही.