मेंदूच्या पेशीवरील प्रकाशखुणा

मेंदूतील चेतापेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात. एका पेशीतून सुटलेले रसायन दुसरीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाला चिकटते, तेव्हाच निरोप पोहोचतो. या प्रथिनाला ‘ग्राही’ म्हणतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ग्राही दिसत नाहीत. मग ते कोणत्या पेशीवर आणि किती आहेत, हे शास्त्रज्ञांना कळते कसे?

याचे साधन आपल्या रक्तातच आहे. रोगजंतूंशी झुंजण्यासाठी शरीर प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडीज, तयार करते. प्रत्येक प्रतिपिंड आपले ठरलेले लक्ष्य ओळखून त्याला चिकटते. अमेरिकेतील आल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडाला चकाकणारा रंग जोडला. विशिष्ट प्रकाश पडताच रंग उजळतो आणि प्रतिपिंड कोठे बसले आहे ते दिसते. ग्राहीचा बाहेरचा भाग ओळखणारे प्रतिपिंड अखंड पेशीवर सोडले, तर ते आत शिरत नाही. केवळ पृष्ठभागावरील ग्राही उजळतात. प्रतिपिंड भलत्यालाच चिकटले नाही ना, हे पाहण्यासाठी तीच कृती ग्राही नसलेल्या पेशींवरही करतात. पडताळणीवाचून दिसलेल्या प्रकाशावरही विश्वास ठेवायचा नाही, ही विज्ञानाची शिस्त.

मेंदूतील ग्राहींचे संशोधन आपल्या राज्यातही चालते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार मिळाला. सेरोटोनिन या रसायनाचे ग्राही आणि बालपणीच्या ताणाचे मेंदूवर दीर्घकाळ टिकणारे परिणाम हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. मुलांच्या वसतिगृहाची जबाबदारी वाहणाऱ्या आम्हा शिक्षकांना तो परका वाटत नाही.

या तंत्राने एका आजाराचे कोडेही उलगडले. तरुण मुलींमध्ये विशेष आढळणाऱ्या या आजारात एकाएकी भ्रम, असंबद्ध बोलणे, झटके, विचित्र हालचाली सुरू होतात. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ व सहकाऱ्यांनी दाखवले की, रुग्णाची स्वतःचीच प्रतिपिंडे मेंदूतील ‘एनएमडीए’ ग्राहींना चिकटतात. त्यामुळे पृष्ठभागावरील ग्राही घटतात. तपासणीसाठी रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रव हे ग्राही असलेल्या पेशींवर टाकतात, त्यावर चकाकणारे दुसरे प्रतिपिंड सोडतात. पेशी उजळल्या की आजार ओळखता येतो. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुसंख्य रुग्ण सुधारतात.

आमच्या नाशिक जिल्ह्यातील गावापाड्यांवर मात्र अशा मुलीला ‘बाहेरचे झाले’ म्हणून आजही भगताकडे नेले जाते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण उपचाराविना गेलेले दिवस कोणताही कायदा परत देऊ शकत नाही. म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे: मुलीचे वागणे एकाएकी बदलले, झटके आले, तर त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. तिच्या अंगात कोणी शिरलेले नसते. तिच्या पेशींवरचे ग्राही संकटात असतात, आणि ते आता डोळ्यांनी पाहता येते.