मत्स्यालयातील सागरजल : मापन आणि मिश्रण

घरातील काचेच्या टाकीत समुद्रातील मासे, प्रवाळ अथवा तारामासे पाळावयाचे म्हणजे प्रथम त्यांच्यासाठी समुद्राचे पाणी सिद्ध करावे लागते. वरवर पाहता हे काम सोपे भासते : पाण्यात मीठ विरघळवावे, उपकरण बुडवावे आणि ठरावीक आकडा दिसला की थांबावे. परंतु ‘मीठ’ म्हणजे कोणते आणि ‘आकडा’ म्हणजे कशाचा, या दोन्ही गोष्टी या कृतीत गृहीत धरलेल्या असतात. आकडा कोणत्या राशीचा, कोणत्या उष्णतामानास घेतलेला आणि कशाच्या तुलनेने सांगितलेला, हे ठाऊक नसेल तर त्यास काही अर्थ राहत नाही. या अज्ञानाची किंमत टाकीतील जीवांना द्यावी लागते.

ती किंमत सर्व जीवांना सारखी नसते. समुद्रातील बहुतेक अस्थिमत्स्यांच्या शरीरद्रवाची संहती सागरजलाच्या सुमारे एकतृतीयांश असते. परासरणामुळे त्यांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जाते. ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि नको असलेले लवण मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ही व्यवस्था अंगी असल्यामुळे थोडा फेरफार तो सोसू शकतो. तारामाशासारख्या प्राण्यांत अशी व्यवस्था जवळजवळ नसते. त्यांचा शरीरद्रव भोवतालच्या पाण्याइतकाच खारा असतो, आणि पाणी बदलले की तोही बदलतो. मापनातील चूक प्रथम अशाच जीवांवर आदळते.

मापनाकडे वळण्यापूर्वी परिभाषेचा एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. मराठीत पाण्यात विरघळलेल्या लवणांना सर्रास ‘क्षार’ म्हणतात व त्यांच्या प्रमाणाला ‘क्षारता’. आयुर्वेदाच्या परंपरेत मात्र ‘क्षार’ म्हणजे राखेपासून काढलेला दाहक, आम्लविरोधी पदार्थ. हिंदी शास्त्रीय परिभाषेतही ‘क्षार’ हा आम्लाचा प्रतियोगी आहे. मत्स्यालयाच्या पाण्यात लवणांचे एकूण प्रमाण आणि आम्ल शमविण्याची शक्ती या दोन्ही राशी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. दोहोंना एकच नाव दिल्यास एकीची उणीव भरून काढण्यासाठी दुसरीचे द्रव्य ओतले जाण्याचा धोका संभवतो. यास्तव येथे पहिल्या राशीस ‘लवणता’ व दुसरीस ‘अल्कता’ असे म्हटले आहे. पुढील विवेचन लवणतेपुरते मर्यादित आहे.

आता मिठाचा विचार करू. एक किलोग्रॅम सर्वसाधारण सागरजलात सुमारे ३५ ग्रॅम लवणे असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४ आणि पोटॅशियम ०.४ ग्रॅम असते. उरलेला अल्प भाग बायकार्बोनेट, ब्रोमाइड इत्यादींचा असतो. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत जमविलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी १८८४ साली प्रसिद्ध केले. पाणी कमीअधिक खारे असले तरी प्रमुख घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ स्थिर राहते, हे त्यावरून दृढ झाले.

बाजारातील मिठात हे परस्परप्रमाण नसते. त्याचे कारण कोकणातील कोणत्याही मिठागरात दिसून येते. समुद्राचे पाणी आटू लागले म्हणजे आधी कॅल्शियम कार्बोनेट, नंतर जिप्सम व त्यानंतर सोडियम क्लोराइड खाली बसते. मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची लवणे उरलेल्या कडू पाण्यात राहतात आणि ते पाणी काढून टाकले जाते. मिठागराचे कौशल्यच मुळी समुद्रातून एक लवण वेगळे काढण्यात आहे. त्यामुळे तेच मीठ पुन्हा पाण्यात टाकल्याने समुद्र परत येत नाही. लवणता ३५ भरेल, परंतु प्रवाळाला सांगाड्यासाठी लागणारे कॅल्शियम त्या पाण्यात पुरेसे नसेल. म्हणून मत्स्यालयासाठी सर्व घटक योग्य प्रमाणात असलेले मिश्रणच वापरावे लागते.

लवणता प्रत्यक्ष तोलून काढणे कठीण असते, कारण पाणी आटवताना काही लवणांचे विघटन होते. १९०२ साली फॉर्क, क्नुडसेन व सोरेनसेन यांनी लवणतेची काटेकोर व्याख्या केली. तिच्या आधारे क्लोराइडाच्या मापनावरून लवणता काढण्याचा प्रघात पडला. १९७८ च्या व्यावहारिक लवणता-मापश्रेणीने विद्युत्‌संवाहकतेचे गुणोत्तर हा आधार स्वीकारला. या श्रेणीतील ३५ हा आकडा एककरहित आहे. घरगुती कामासाठी तो दर किलोग्रॅमला ३५ ग्रॅम असा वाचला तरी व्यवहारात बाध येत नाही.

मत्स्यालय पाळणारे बहुधा लवणतेऐवजी विशिष्ट गुरुत्वाचा आकडा सांगतात, आणि खरी अडचण येथेच उद्भवते. विशिष्ट गुरुत्व म्हणजे सागरजलाच्या घनतेचे शुद्ध पाण्याच्या घनतेशी गुणोत्तर होय. परंतु शुद्ध पाणी कोणत्या उष्णतामानाचे? लवणता ३५ व उष्णतामान २५ अंश सेल्सिअस असलेल्या सागरजलाची घनता दर घन सेंटिमीटरला १.०२३३ ग्रॅम असते. २५ अंशांच्याच शुद्ध पाण्याशी तुलना केल्यास विशिष्ट गुरुत्व १.०२६४ येते. ४ अंशांच्या शुद्ध पाण्याशी तुलना केल्यास तेच १.०२३३ भरते. ६० अंश फॅरनहाइटसाठी आखलेला काचेचा तरंगता घनतामापी याच २५ अंशांच्या पाण्यात सोडला, तर तो १.०२४ ते १.०२५ यांच्या दरम्यान काहीतरी दाखवितो. पाणी एकच, आकडे तीन, आणि आपापल्या संदर्भात तिन्ही बरोबर.

समजा, एखाद्याजवळ ४ अंशांच्या संदर्भाने आखलेला घनतामापी आहे आणि १.०२६४ हे लक्ष्य त्याने दुसऱ्याच संदर्भातून घेतले आहे. तो १.०२३३ पाहून पाणी कमी खारे समजेल व १.०२६४ दिसेपर्यंत मिश्रण टाकीत राहील. त्या वेळी लवणता सुमारे ३९ झालेली असेल. उपकरण निर्दोष, वाचन अचूक, आणि तरीही पाणी चुकीचे, असा हा प्रकार होय. घनतामापीवर छापलेले संदर्भ-उष्णतामान आकड्याइतक्याच काळजीने वाचले पाहिजे, ते याचसाठी.

इतर उपकरणांनाही हाच न्याय लागू पडतो. डोलत्या काट्याच्या घनतामापीत काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो व पाणी असते त्याहून खारे भासते. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाशाच्या वक्रीभवनावरून लवणता दाखवितो. परंतु बाजारात मिळणाऱ्या या उपकरणांपैकी काही सागरजलासाठी आखलेली असतात, तर काही केवळ सोडियम क्लोराइडाच्या द्रावणासाठी. ३५ लवणतेच्या सागरजलाचा वक्रीभवनांक ज्यात किलोग्रॅमला सुमारे ३६.५ ग्रॅम सोडियम क्लोराइड आहे अशा द्रावणाइतका असतो. म्हणून दुसऱ्या प्रकारचे उपकरण तेथे ३६.५ दाखविते. शुद्ध पाण्याने शून्य जुळविल्यास ही चूक सुधारत नाही. त्याने केवळ आरंभबिंदू जुळतो, मापश्रेणीचा चढ तसाच राहतो. ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवून केलेले द्रावण सागरजलाच्या मापश्रेणीवर ३५ दाखविते की नाही, हे पाहणे अधिक योग्य. संवाहकतामापी वापरल्यास २५ अंशांवर सेंटिमीटरला ५३ मिलिसीमेन्स ही ३५ लवणतेची खूण मानावी.

मिश्रणासाठी प्रथम पाणी शुद्ध हवे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन व क्लोरॅमाइन जीवांना घातक असतात. नळ्यांतून येणारे अत्यल्प तांबेही अपृष्ठवंशी प्राण्यांना सहन होत नाही. आर. ओ. यंत्राचे पाणी चालते, परंतु काही घरगुती यंत्रांत चवीसाठी मूळ पाण्याचा अंश पुन्हा मिसळला जातो, तेवढी सोय बंद करावी. १०० लिटर सागरजलाचे वजन २५ अंशांवर सुमारे १०२.३ किलोग्रॅम असते व त्यात सुमारे ३.५८ किलोग्रॅम निर्जल लवणे असतात. प्रत्यक्षात मिश्रण याहून थोडे अधिक लागते, कारण त्यातील काही लवणे स्फटिकजलयुक्त असतात. स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइडाच्या वजनात तर निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. म्हणून तोलून टाकलेल्या वजनावर विसंबून न राहता अखेरीस मापन केलेच पाहिजे.

मिश्रण वेगळ्या भांड्यात करावे. आधी पाणी घ्यावे, ते पंपाने फिरते ठेवावे आणि मिश्रण थोडेथोडे सोडावे. याउलट कोरड्या मिश्रणावर पाणी ओतल्यास आरंभी अतितीव्र द्रावण तयार होते व त्यातून कॅल्शियम कार्बोनेटाचा साका बसतो. असे पाणी दुधाळ राहते व त्यातील कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही घटतात. पाणी निवळल्यावर आणि उष्णतामान २५ अंशांच्या आसपास स्थिरावल्यावरच मापन करावे.

टाकी भरल्यानंतरही हे काम संपत नाही. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, लवणे मागे राहतात. १०० लिटरांतून ३ लिटर पाणी उडाल्यास लवणता ३५ वरून सुमारे ३६ होते. ही तूट गोड्या शुद्ध पाण्याने भरावी. ती खाऱ्या पाण्याने भरत राहिल्यास प्रत्येक वेळी लवणता सुमारे एकाने वाढत जाईल. पाणी कमी खारे झाले असल्यास सरासरीच्या साध्या गणिताने दुरुस्ती करता येते. लवणता ३३ असलेल्या १०० लिटरांतून २० लिटर काढून त्याजागी ४३ लवणतेचे २० लिटर घातल्यास मिश्रण ३५ वर येते. मात्र हा बदल एकाच वेळी न करता काही दिवसांत विभागून करावा, कारण ज्यांचा शरीरद्रव पाण्याबरोबर बदलतो त्या जीवांना आकड्यापेक्षा त्याच्या बदलाचा वेग अधिक बाधतो.

यावरून नोंदवहीची पद्धतही ठरते. ‘१.०२५’ एवढेच लिहून ठेवणे पुरेसे नाही. राशीचे नाव, पाण्याचे उष्णतामान, संदर्भाचे उष्णतामान आणि उपकरण कशासाठी आखलेले आहे, हे चारही तपशील आकड्याबरोबर नोंदविले पाहिजेत. मग ती नोंद दुसऱ्या कोणाच्याही हाती पडली तरी तिचा अर्थ एकच होईल, आणि तिच्या आधारे तयार केलेले पाणीही तेच असेल.